इंजिन आधी उचलून बघ

बयो, तुझा निरोप वाचला. तिघांनी मिळून अठ्ठावीस फुटी शिडाची बोट घेतलीत, तिच्याबरोबर २.६ मीटरची फुगवायची डिंगी आली, आणि तिला इंजिन कितीचं लावायचं यावर तुमचं जुळत नाही. एकाला अडीच एचपी पुरेसं वाटतं. दुसऱ्याला पंधरा हवं आहे, म्हणजे अपोलो बंदरच्या पायऱ्यांवरून बोयाला बांधलेल्या बोटीपर्यंत सुसाट जाता येईल. दुकानदाराने तिसरंच, आठचं दाखवलं. आणि तू मला विचारतेस. बरं केलंस. चाळीस वर्षं मी ही इंजिनं उघडली, धुतली, चिखलातून वर काढली. आकडा मी फोनवर सांगितला असता. पण आकडा तेवढा ऐकून तू इंजिन आणशील आणि पहिल्या वाऱ्यात तुला प्रश्न पडेल की आजोबांनी हेच का सांगितलं. म्हणून सवडीने लिहितोय. चहा घेऊन बस.

दुकानात जायच्या आधी एक काम कर. वीस लिटरचा पाण्याचा कॅन तोंडापर्यंत भर. तो जमिनीवर ठेव, डाव्या हाताने खिडकीचा गज घट्ट धर, आणि उजव्या हाताने कॅन उचलून कमरेएवढ्या ओट्यावर ठेव. आपटायचा नाही, टेकवायचा. जमलं, तर त्याला पाच किलो तांदळाची पिशवी बांध आणि पुन्हा कर. मग तुझ्या दोन्ही सोबत्यांना करायला लाव. तिघांत जो कमी उचलेल त्याचा आकडा कागदावर लिहून ठेव. इंजिनाची निवड तिथून सुरू होते.

एचपीचं विचारलं आणि आजोबा वजनाचं सांगतायत, असं तुला वाटेल. पण डिंगीचं इंजिन कसं वापरलं जातं ते बघ. मांडव्याला किंवा काशीदला निघायचं झालं की इंजिन डिंगीवर ठेवून डिंगी मागे ओढत नेता येत नाही. लाट आली की डिंगी उलटते आणि इंजिन पाण्याखाली जातं. म्हणून दर वेळी ते काढायचं, बोटीच्या मागच्या कठड्यावरच्या फळीला लावायचं, आणि पोचल्यावर परत खाली द्यायचं. एका सहलीत निदान चार वेळा. त्या वेळी तू उभी असतेस डिंगीच्या हवा भरलेल्या तळावर. तो पायाखाली डुलतो. एक हात बोटीला धरलेला, गेटवेहून सुटलेल्या लाँचची लाट येऊन डिंगी अर्धा फूट वर-खाली होतेय, आणि दुसऱ्या हातात इंजिन. दुकानात गुळगुळीत फरशीवर उचलून बघितलेलं वजन आणि हे वजन यांत फार अंतर आहे.

माझ्या हातून एक इंजिन गेलं आहे. जुनं पंधराचं होतं, मालकाला घाई होती, संध्याकाळची ओहोटी लागली होती. मी खालून दिलं, वरच्या खलाशाचा हात निसटला. दोरी बांधलेली नव्हती. गढूळ पाण्यात ते कुठे गेलं ते बुडबुड्यांवरूनच कळलं. दुसऱ्या दिवशी पाणबुड्याने गळ लावून वर काढलं, आठवडाभर मी ते सुटं करून धूत होतो, पण खारं पाणी आत शिरलं होतं ते शिरलंच. त्या दिवसापासून इंजिनाचे स्क्रू सैल करायच्या आधी त्याच्या मुठीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक बोटीला बांधायचं, हा माझा नेम आहे. तूही हे विसरायचं नाहीस. इंजिन दोन किलोचं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आता वजनं सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिनांचीच सांगतो, कारण नवीन तुला तीच घ्यायची आहेत. अडीच एचपीचं १४ ते १८ किलो, साडेतीनचं अठराच्या आसपास. चार, पाच आणि सहा एचपीचं २५ ते २७. आठ ते दहाचं ३७ ते ४०. पंधराचं ४५ ते ५०. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला आउटबोर्ड इंजिनं विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं यंत्र दीड एचपीचं आणि २८ किलोंचं होतं. आज तेवढ्याच वजनात सहा एचपी मिळतात. त्या काळीही त्याने ते एका माणसाला उचलून होडीला लावता येईल असंच केलं होतं. या यंत्राचा सगळा उपयोग तिथेच आहे.

दुसरं, डिंगीच्या मागच्या फळीवर एक छोटी पाटी असेल. तिच्यावर जास्तीत जास्त माणसं, जास्तीत जास्त वजन आणि जास्तीत जास्त एचपी लिहिलेले असतात. काही पाट्यांवर इंजिनाच्या वजनाचीही मर्यादा असते. तू पाठवलेल्या फोटोत सहा एचपी दिसतंय. मग आठ आणि पंधराचा विषय तिथेच संपला. फुगवलेल्या होडीची मागची फळी रबरी नळ्यांना नुसती चिकटवलेली असते. इंजिनाचा सगळा धक्का त्या चिकटवलेल्या सांध्यातून होडीत जातो. आपल्या उन्हात तो सांधा आधीच तापून सैल पडायला लागलेला असतो. पीव्हीसीच्या डिंग्यांत हे मी फार बघितलं. पाटीवर सहा लिहिणाऱ्याने तो सांधा मोजून लिहिलं आहे.

सांधा टिकला तरी माणूस टिकेल याची खात्री नाही. एका मालकाने पावणेतीन मीटरच्या डिंगीवर पंधराचं इंजिन लावलं होतं. एकटा मागे बसला, वारा समोरून, आणि त्याने एकदम गॅस दिला. मागे पन्नास किलोंचं इंजिन, पेट्रोलची टाकी आणि त्याचे स्वतःचे ऐंशी किलो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली गेली, तिच्या खाली वारा शिरला, आणि डिंगी पाठीवर पडली. तो पोहून वर आला, इंजिन चालू अवस्थेत पाण्याखाली गेलं. त्याला पंखा लागला नाही हे त्याचं नशीब. हलकी डिंगी, मागे जड इंजिन आणि एकटा माणूस या तिघांची गाठ पडली की असं होतं. म्हणून एकटी असशील तेव्हा मध्यावर बसायचं, इंजिन वळवायच्या दांड्याला लांब मूठ जोडून घ्यायची. दुकानात मिळते, नाही मिळाली तर पीव्हीसी पाइपाचा तुकडा त्यावर घट्ट बसवता येतो.

आता एचपीकडे येऊ. इथे थोडं गणित आहे, पण तू शाळेत गणितात चांगली होतीस.

तुझ्या डिंगीचा पाण्याला टेकलेला भाग सव्वादोन मीटर धर. होडी पाणी कापत जाते तेव्हा एक लाट तिच्या नाळेपाशी उठते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाट होडीएवढी लांब झाली की होडी तिच्या खळग्यात बसते. पुढे नाळेपाशी पाण्याचा चढ, मागे बूड खाली. तिथून पुढे वेग वाढवायचा तर स्वतःच उठवलेल्या त्या लाटेवर चढावं लागतं. खळग्यातला वेग काढायचा हिशोब सोपा आहे. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढ आणि २.४३ ने गुण, उत्तर नॉटांत येतं. सव्वादोनचं वर्गमूळ दीड. म्हणजे साडेतीन नॉटांच्या थोडं वर. एवढ्या वेगाला शांत पाण्यात अडीच एचपी पुरतात. त्याच्या वर इंजिनाची ताकद वाढवत गेलीस की नाळ वर, बूड खाली, मागे मोठा फेस, पेट्रोल दुप्पट, आणि वेग जेमतेम एक नॉट जास्त. ज्याला पंधराचं हवं आहे त्याला हा फेस वेग वाटतो.

लाटेवर चढून होडी पाण्यावर सरकायला लागली की चित्र बदलतं. मग दहा-बारा नॉट सहज येतात. पण त्यासाठी वजनाच्या हिशोबाने ताकद लागते. माझा अंदाज असा की एका एचपीमागे पंचवीस किलोंपेक्षा जास्त वजन नको. त्यात होडी, इंजिन, पेट्रोल, माणसं, सामान सगळं आलं. तुझी बेरीज करू. तुम्ही तिघं मिळून १९५ किलो. डिंगी ३५, इंजिन २६, पेट्रोल आणि डबा ५, पिण्याचं पाणी २०, पिशव्या आणि बर्फाची पेटी २०. झाले ३०१. पंचविसाने भाग, बारा एचपी लागतील. पाटीवर सहा आहेत. म्हणजे तिघं बसून, सामान घेऊन तुमची डिंगी कधीच पाण्यावर चढणार नाही, कुठलंही परवानगीतलं इंजिन लावा. तू एकटी असशील तर ६० अधिक ३५ अधिक २६ अधिक ५, म्हणजे १२६. सहा एचपी ती सहज चढवेल. दोघं असाल तर मधेच लटकेल.

हे कागदावर मांडून तुझ्या दोन्ही सोबत्यांना दाखव. तुमच्या दहा फेऱ्यांतल्या किती फेऱ्या एकट्या माणसाच्या असतात, ते तिघांनी मिळून ठरवा. मला वाटतं एखाददुसरी. मग सुसाट जाण्याचा विचार सोडून द्या आणि इंजिन दुसऱ्या कसोटीवर निवडा.

दुसरी कसोटी मला कुंडलिकेच्या खाडीने शिकवली. रेवदंड्याला आम्ही चार जण मालकाच्या बोटीवर परत निघालो होतो. बोट तोंडाकडे, कोर्लईच्या बाजूला नांगरली होती. डिंगीला अडीचचं इंजिन. दुपार टळलेली, भरती जोरात आत येत होती, आणि समुद्रावरचा रोजचा दुपारचा वाराही आत येत होता. दोन्ही समोरून. सकाळी ज्या इंजिनाने आम्हाला दहा मिनिटांत किनाऱ्याला आणलं, तेच आता पूर्ण गॅसवर ओरडत होतं आणि कोर्लईचा किल्ला जागचा हलत नव्हता. बुटक्या लाटा नाळेवर थप्पड मारत होत्या. प्रत्येक थपडेला डिंगी थांबायची आणि पुन्हा वेग घ्यायला इंजिनाकडे ताकद नव्हती. आतली टाकी लिटरभराची. ती संपली तेव्हा आम्ही निम्मी वाट आलो होतो. वल्ही मारून बघितली, फुगवलेली डिंगी वाऱ्यासमोर वल्ह्यांनी जात नाही, ती पानासारखी वाहते. पाण्याने आम्हाला उलटं आत नेलं. एका मच्छीमार होडीच्या नांगराचा दोर हातात आला म्हणून थांबलो. भरती पुरी होऊन पाणी थबकेपर्यंत दीड तास त्या दोराला धरून बसलो होतो. पाणी थबकलं, वाराही पडला, आणि राहिलेली वाट आम्ही आरामात वल्हवत गेलो.

भरती आत चालली होती म्हणून खाडीत गेलो. ओहोटी असती तर वाऱ्याचा जोर कमी पडून समुद्रात गेलो असतो. हे मला बोटीवर चढल्यावर सुचलं आणि हात कापायला लागले.

म्हणून एचपी ठरवताना शांत सकाळ डोळ्यांसमोर आणू नकोस. तुझ्या जागेची सर्वांत वाईट दहा मिनिटं आण. मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. एवढं पाणी सहा तासांत बंदरातून आत-बाहेर जायचं म्हणजे दोन-अडीच नॉटांची ओढ असणारच. तुझी बोट धक्क्यापासून ९०० मीटरांवर आहे असं धर. ओढ समोरून अडीच नॉट, तुझा वेग साडेतीन. हातात राहिला एक नॉट. अर्धा तास लागेल. वेग साडेचार असेल तर हातात दोन नॉट राहतात, पंधरा मिनिटांत पोचशील. पाण्यावर दिसायला एकच नॉट जास्त, पण वेळ निम्मा. आणि लाट समोरून असेल तर फरक याहून मोठा, कारण थपडेनंतर पुन्हा वेग घ्यायची ताकद अडीचकडे नसते, सहाकडे असते. सहा एचपी तुला तिघांसह पाण्यावर चढवणार नाहीत हे मी वर सांगितलं. ते हवेत या दहा मिनिटांसाठी.

चार, पाच की सहा, हा प्रश्न मात्र सोपा आहे. बहुतेक कंपन्यांत हे तिन्ही म्हणजे एकच इंजिन. तोच सिलिंडर, तोच ढाचा, तेच वजन. फरक मुख्यतः आत जाणाऱ्या हवेच्या वाटेत. चारचं घेऊन सव्वीस किलो उचलायचे आणि ताकद चारचीच मिळवायची, यात शहाणपण नाही. पाटी परवानगी देत असेल तर सहाचं घे. अडीच आणि साडेतीनमध्येही बहुधा असंच असतं, तिथे साडेतीन घ्यावं. वजनाच्या पायऱ्या लक्षात ठेव: अठरा किलो, सव्वीस किलो, अडतीस किलो. तू आधी पायरी निवडायची. मग त्या पायरीवरचं पाटीत बसणारं सर्वांत ताकदीचं इंजिन घ्यायचं.

अठरा आणि सव्वीसच्या पायरीत आणखी एक फरक आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाहीत. लहान इंजिनांना उलटा गिअर नसतो. मागे जायचं तर अख्खं इंजिन फिरवून पाठमोरं करायचं. मोकळ्या पाण्यात ते ठीक. पण अपोलो बंदरच्या पायऱ्यांशी शेवाळ, दोन लाँच, वर पर्यटक आणि मागून येणारी लाट अशा वेळी उलटा गिअर हाताशी असला की डोकं शांत राहतं. सहाच्या इंजिनाला पुढचा, मधला आणि उलटा असे तिन्ही असतात. शिवाय बाहेरची पेट्रोलची टाकी जोडायची सोयही बहुतेकांना असते. कुंडलिकेत माझ्याकडे ती असती तर निदान अर्ध्या वाटेत पेट्रोल संपलं नसतं.

टू-स्ट्रोकचं तू विचारलेलं नाहीस, पण कोणीतरी जुनं दाखवेल. आठ एचपीचं टू-स्ट्रोक साधारण २७ किलोंत बसतं, आणि त्या इंजिनांवर माझा जीव आहे. चार भाग, सहज दुरुस्त, बुडालं तरी धुऊन चालू होणारं. आपल्या मच्छीमारांच्या होड्यांवर ती अजून दिसतात. पण पेट्रोलच्या पन्नास भागांना एक भाग तेल मिसळायचं, त्यातलं बरंच न जळता पाण्यात जातं, निळा तवंग मागे राहतो. तू त्याच पाण्यात पोहणार. नको घेऊस.

विजेच्या इंजिनावर फार लिहीत नाही. हजार वॉटच्या आसपासची चांगली इंजिनं आता मिळतात, बॅटरी वेगळी निघते, त्यामुळे कुठलाच तुकडा बारा किलोंच्या वर जात नाही. उचलायला यासारखं सुख नाही. हळू चालवलीस तर तासन्‌तास पुरतात, पण पूर्ण ताकदीने तासाभरात बॅटरी बसते. बोट धक्क्याजवळ आणि पाणी संथ असेल तर मी तुला तेच घे म्हणालो असतो. मुंबई बंदराच्या ओढीत सध्या नको.

इंजिन घेताना पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची लांबी बघ. फुगवलेल्या डिंग्यांना बहुतेक आखूड दांडा लागतो, पंधरा इंची. लांब दांडा वीस इंची. शिडाच्या मोठ्या बोटीवरचं जुनं इंजिन फुकट मिळतंय म्हणून लांब दांड्याचं लावलंस तर पंखा फार खोल जाईल, ओहोटीला चिखल खाईल, आणि पुढे ढकलण्याऐवजी नाळ उचलायचं काम करेल. नीट बसलेल्या इंजिनाचा पंख्यावरचा आडवा पत्रा होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली असतो. पट्टी धरून बघ. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी थांबते.

पंख्याचंही तसंच. त्याच्या बुंध्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती इंच पुढे जाईल ते. नव्या इंजिनाबरोबर बहुधा मधल्या पिचचा पंखा येतो, हलक्या होडीला जमेल असा. तुम्ही तिघं आणि सामान, म्हणजे तुम्हाला एक इंच कमी पिचचा घेऊन ठेवायला हवा. दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढल्यासारखं होतं, वेग थोडा कमी पण ताकद पुरते. पूर्ण गॅस देऊनही इंजिनाचा आवाज घुसमटलेला येत असेल तर पिच जास्त आहे असं समज. नव्या इंजिनाचे पैसे खर्चायच्या आधी पंखा बदलून बघणारी माणसं मला फार थोडी भेटली.

हवेचा दाब तर कोणी बघतच नाही. मऊ डिंगी मधोमध वाकते, नाळ वर जाते आणि निम्मी ताकद वाकण्यातच जाते. नळ्यांचा दाब साधारण पाव बार असतो, हवेच्या तळाचा त्याच्या तिप्पट, तुझ्या डिंगीचा नेमका आकडा झडपेजवळ लिहिलेला सापडेल. सकाळी धक्क्यावर उन्हात फुगवलेली डिंगी पाण्यात उतरवली की गार होते आणि दाब उतरतो. म्हणून पाण्यात टाकून पाच मिनिटांनी पुन्हा पंप मार. उलट, दुपारी वाळूवर ओढून ठेवशील तेव्हा थोडी हवा सोड, नाहीतर सांधे ताणतात.

पेट्रोलबद्दल मला आताशा काळजी वाटते. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांच्या वर चालणार नाही असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या बंदरावर हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं, आणि कार्ब्युरेटर आधी तेच पितो. घेण्याआधी त्या इंजिनाची पुस्तिका काढून हा आकडा स्वतः वाच. पेट्रोल लागेल तेवढंच, त्याच आठवड्याचं घे. पाणी वेगळं करणारी गाळणी बाहेरच्या टाकीच्या नळीत बसव. आणि दिवस संपला की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवून आतलं मीठ धुऊन टाक. मग तिथेच पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप विझेपर्यंत चालू ठेव, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होईल. चालू असताना मागून पाण्याची धार येते की नाही बघत जा. धार बारीक झाली की ताबडतोब बंद. बहुतेक वेळा आपल्या बंदरातली प्लास्टिकची पिशवी पाणी आत घेण्याच्या जाळीवर बसलेली असते. एक धारदार सुरी खिशात असू दे.

आडवं ठेवायचं तेव्हा इंजिनावर खूण केलेल्या बाजूवरच ठेव. दुसऱ्या कुशीवर ठेवलंस तर तेल सिलिंडरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखतील.

आता किल स्विच. लाल दोरी, एक टोक इंजिनाच्या कळीला, दुसरं तुझ्या मनगटाला किंवा मांडीला. तू पाण्यात पडलीस तर कळ निघते आणि इंजिन थांबतं. २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कॅमल खाडीत आठ मीटरची एक वेगवान बोट वळताना कलली आणि त्यातलं अख्खं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. दोरी कोणाला बांधलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगाने गोल फिरत त्यांच्याच अंगावर परत परत आली. वडील आणि एक लहान मुलगी गेली. तुमचं इंजिन सहाचं असलं तरी त्याचा पंखाही पात्यांचाच आहे. इंजिन चालू करायला तुमच्यातला कोणीही बसो, दोरी बांधल्याशिवाय स्टार्टरच्या दोरीला हात लावायचा नाही, असं तिघं मिळून ठरवा. पाचशे मीटर जायचं असलं तरी. आणि जाकीट अंगात, पायाखाली नाही.

तर तुझं उत्तर. कॅन आणि तांदळाची पिशवी घेऊन तुम्हा तिघांना पंचवीस किलो ओट्यावर नीट टेकवता आले, तर सहा एचपी, आखूड दांडा, उलट्या गिअरचं, बाहेरच्या टाकीसह. कोणाला एकालाही जमलं नाही, तर लगेच खालच्या पायरीवर उतरू नकोस. बोटीच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटा खांब उभा कर आणि त्याला चार दोऱ्यांची कप्पी बांध. सव्वीस किलो हाताला सात-आठ किलो लागतात. खांब आणि कप्पी मी बसवून देईन. खांब उभा करायला जागा नसेल तर मात्र साडेतीन घे, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक फोनमध्ये ठेवून पाणी थबकायच्या वेळेलाच ये-जा कर. उधाणाच्या दिवशी साडेतीनवर तिघं निघायचं नाही. दोन फेऱ्या करा.

शनिवारी ये. मी वीस लिटरचा कॅन भरून ओट्याशी ठेवतो. त्या पंधरावाल्यालाही घेऊन ये, आधी तो उचलेल.